प्रेमभंगानंतर रडकी गाणी ऐकल्याने डोकं बिघडतं का?

प्रेमभंग झाल्यावर दुःखी गाणी ऐकू नकोस, डोकं बिघडेल, असं मित्र सांगतात. खरं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

रडक्या गाण्यांनी काही बिघडत नाही, खुशाल ऐका. बिघडवतात ती समोरच्याला दूषणं देणारी गाणी. हे मी भोगलंय म्हणून सांगते.

१९९५ साली मी सांगलीत बारावीला होते. क्लासमधल्या एका मुलाची चिठ्ठी मी न उघडता परत केली, आमच्यात घडलं ते एवढंच. त्या वर्षी 'बेवफा सनम' या हिंदी सिनेमाची कॅसेट पानपट्टीपासून रिक्षापर्यंत सगळीकडे वाजत होती. गणपतीत त्याच्या मंडळाने कर्णा आमच्या खिडकीकडे तोंड करून बांधला आणि रोज संध्याकाळी त्यातलं 'अच्छा सिला दिया तूने मेरे प्यार का' सुरू. आरती संपली की टेपचं बटण खटकन दाबल्याचा आवाज कर्ण्यातून यायचा आणि माझ्या पोटात गोळा उठायचा. आई निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून उठायची, खिडकी लावायची, परत येऊन बसायची. चार-पाच दिवसांत गल्लीतली लहान पोरंही मला बघून तीच ओळ म्हणू लागली. ज्याच्याशी मी कधी बोललेसुद्धा नव्हते, त्याला मी दगा दिला असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. शेवटी क्लास मी सोडला, त्याने नाही.

दादा म्हणाला, "गाणं आहे गं, मनावर कशाला घेतेस?"

दादा, त्या सिनेमात नायक प्रेयसीचा खून करून तुरुंगात जातो आणि गाण्यांत बेवफा ठरते ती. रडू येतं ते त्याच्यासाठी. ती मेलेली, 'अच्छा सिला दिया'त तिच्या वाट्याला एक कडवंही नाही. आता पाडगावकरांचं 'भातुकलीच्या खेळामधली' आठव, अरुण दात्यांच्या आवाजातलं. डाव तिथेही अर्ध्यावर मोडतो. पण राणीलाही बोलायला मिळतं, तिच्या डोळ्यांत पाणी येतं, राजाचा श्वास कोंडतो आणि दोष कुणाच्याच माथी मारलेला नाही. विरहाचं गाणं याला म्हणतात. नकाराला दगा म्हणणारं गाणं मी घरात लावू देत नाही.

तर तुम्ही ऐका, पण जिच्याशी तुटलं तिला उद्देशून स्टेटसला वगैरे टाकू नका. आणि हो, गाणं ऐकून कुणी खुनी होतो असं माझं म्हणणं नाही. त्या गाण्याची चाल गोडच आहे. झोप-जेवण उडालं असेल तर मात्र गाणी राहू द्यात, डॉक्टरकडे जा.

दादाची मुलगी यंदा बारावीला आहे. गेल्या महिन्यात एका मुलाने तिला असंच एक गाणं एका रात्रीत अकरा वेळा पाठवलं. दादाने घाबरून मलाच फोन केला. मी म्हटलं, मेसेज पुसू नकोस, मुलीला नको असताना असा पाठलाग करणं हा २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. आजच त्याच्या आईवडिलांना भेट. आणि तिचा क्लास बंद करू नकोस.