रायगडाची वाट आणि ट्रॉम्सोची थंडी

पत्र : ताई, मी 53 वर्षांची, ठाण्यात राहते. शाळेपासूनच्या आम्ही सहाजणी 14 ते 22 जानेवारीला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला चाललोय, नॉर्दर्न लाइट्स बघायला. मला लहानपणापासून दमा आहे. आटोक्यात आहे, पण पंप रोज घ्यावा लागतो. मैत्रिणींना वाटतं, तो केव्हाच बरा झाला. नववीच्या सहलीत रायगड चढताना मला धाप लागली आणि माझ्यासाठी या पाचहीजणी अर्ध्या वाटेवरून खाली उतरल्या. ते मी अजून विसरले नाहीये. आताचं सगळं बुकिंग एकीने खपून केलंय, पैसे भरून झालेत. त्यात आणखी उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांचे तीन दिवस वाढवायचं चाललंय. सांगितलं तर ‘तू राहू दे’ म्हणतील. न सांगता जायची भीती वाटते. नवरा म्हणतो, रद्द कर. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रायगडापाशी थांबले. नववीतली मुलगी आणि आजची तुम्ही, मध्ये जवळजवळ चाळीस वर्षं गेली, तरी ती वाट तुमच्या मनातून उतरलेली नाही. तिच्याकडे येतेच. आधी थंडीचं बोलू, कारण तुमची भीती खरी आहे आणि तिला नीट उत्तर हवं.

ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला असलं तरी समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तिथली जानेवारीची सरासरी उणे 3-4 अंशांच्या आसपास असते. हा आकडा बघून लोक निर्धास्त होतात. पण अरोरा, म्हणजे तुमचे नॉर्दर्न लाइट्स, बघायला ढग नसलेलं आभाळ लागतं, आणि किनाऱ्यावर ढग दाटले की मिनीबस आत वळतात, कधी कधी दीडशेहून अधिक किलोमीटर, पार फिनलंडच्या हद्दीतल्या किल्पिसयार्वीपर्यंत. तिथे उणे 20 काही नवल नाही. इतकी थंड हवा कोरडी ठणठणीत असते. ती तोंडाने भराभर आत ओढली की श्वासनलिका आवळते. म्हणजे तुमच्यासाठी जपायची गोष्ट आहे ती बर्फात चढ चढणं, धावणं, कुत्र्यांनी ओढायची स्लेज, म्हणजे बर्फगाडी, ढकलणं. नाकातोंडावर लोकरीचा मफलर घेऊन शांत उभं राहणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं.

आणखी दोन गोष्टी माहितीपत्रकात सहसा लिहिलेल्या नसतात. हस्कींच्या स्लेजवर बसायच्या आधी तुम्ही कित्येक कुत्र्यांच्या घोळक्यात उभ्या असता. केसाळ जनावरांनी तुमचा दमा उठत असेल तर ती सफर सोडा. आणि तिथल्या आदिवासी सामी लोकांच्या लाव्वू तंबूत मधोमध उघडी शेकोटी असते. रेनडियरचा गरम रस्सा तिथेच वाढतात, वातावरण फार सुंदर असतं, पण धूर असतोच. दाराजवळची जागा मागून घ्या.

निघण्याच्या महिनाभर आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि तारखांसकट सगळा कार्यक्रम त्यांच्यापुढे ठेवा. त्रास झाला तर कोणतं औषध, किती वेळा, केव्हा रुग्णालय गाठायचं, हे एका कागदावर लिहून घ्या. ते जाऊ नका म्हणाले, तर मात्र माझं काही ऐकू नका. तातडीचा पंप अंगालगतच्या खिशात ठेवा. बाहेरच्या जाकिटात तो गार पडला की फवारा नीट येत नाही, आणि ऐन वेळी हातात निरुपयोगी डबी उरते. दुसरा पंप, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) आणि डॉक्टरांची चिठ्ठी केबिनच्या बॅगेत. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे नॉर्वेसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतोच, पण तो काढताना दमा लिहा, आणि आधीपासूनच्या आजाराचा खर्च त्यात धरलाय का ते विचारा. लपवलेल्या आजारावर दावा नाकारला गेला, तर नॉर्वेतला रुग्णालयाचा खर्च घरच्यांच्या डोक्यावर बसेल.

स्वालबार्डला मी स्पष्ट नाही म्हणेन. ट्रॉम्सोत मोठं विद्यापीठ रुग्णालय आहे. स्वालबार्डच्या लाँगयिअरब्येनमधलं रुग्णालय छोटं, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोलाच आणतात. शिवाय स्वालबार्ड शेंगेनमध्ये येत नाही, म्हणून परत यायला दुहेरी प्रवेशाचा व्हिसा लागतो. जानेवारीत तिथे भरदुपारीही काळोख असतो. ज्यांना हौस आहे त्यांनी जावं, तुम्ही ते तीन दिवस ट्रॉम्सोत राहा.

आता मैत्रिणींचं. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मीही अशाच एका मिनीबसमधून फिरले होते. आमच्यातल्या एकीच्या पायाची बोटं बधिर झाली होती. सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले, कुणाचा विरस नको म्हणून ती तासभर गप्प राहिली. वाटाड्याने तिची चाल बघून बूट काढायला लावले तेव्हा बोटं पांढरी पडली होती. आम्ही सगळे तसेच परत फिरलो. बोटं वाचली. पण बसमध्ये तिची जवळची मैत्रीण रडत होती, आणि रडता रडता तिच्यावरच रागावत होती : ‘तू मला का नाही सांगितलंस? मी शेजारीच उभी होते ना?’ वेळेवर सांगितलं असतं तर दहा मिनिटं बसच्या हीटरपाशी बसून काम भागलं असतं.

म्हणून सांगते, दमा घेऊन तुम्ही जाऊ शकता, तो लपवून जाऊ नका. रात्री अकराला, गावापासून शंभर किलोमीटरवर, तुमचा श्वास अडकला तर तुमच्या बाजूला उभं असणार ते त्या पाचजणींपैकीच कुणी. तुमचा पंप कुठल्या खिशात आहे हे तिला ठाऊक नसेल, तर तिने काय करायचं? तुम्ही तिच्यावर केवढी वेळ आणाल, याचा विचार करा.

आणि समजा, ‘तू राहू दे’ असं कुणी म्हणालंच, तर दुखेल, मी नाही म्हणत नाही. पण ते आता ठाण्यात कळेल. पैशाची आणि कार्यक्रमाची फेरजुळणी करायला वेळही असेल. यजमानांना सांगा, डॉक्टरांचा शब्द शेवटचा. ते काळजीपोटी बोलतायत, पण रद्द करायचं की नाही हे घाबरून ठरवायला नको.

ग्रुपवर लिहू नका. जिने बुकिंग केलंय तिला आधी एकटीला फोन करा, तो मान तिचा आहे. काय बोलायचं ते सुचत नसेल तर एवढंच म्हणा : ‘माझा दमा गेलेला नाही. इतकी वर्षं सांगायची लाज वाटली. मला यायचंय. स्नोमोबिल आणि स्लेज मी सोडते, त्या वेळात मी गावात थांबेन. तुम्ही पाचहीजणींनी माझा पंप कुठे असतो ते बघून ठेवा.’

गावात थांबणं म्हणजे शिक्षा नव्हे. तुम्ही पोचाल तेव्हा सूर्य न दिसणारी, जवळपास दोन महिन्यांची ध्रुवीय रात्र संपत आलेली असेल. दुपारी बाराच्या सुमाराला डोंगरांमागून गुलाबी, मग गडद निळा असा काही तास उजेड पसरतो. तो बघायला मिनीबस लागत नाही, बंदरावरचा एक बाक पुरतो. घसरू नये म्हणून बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे तेवढे विकत घ्या. आणि 21 जानेवारीला ट्रॉम्सोत सूर्य परतल्याचा दिवस साजरा होतो, बेकऱ्यांमधून ‘सूलबोल्ले’ नावाचे गोड पाव मिळतात. तुम्ही त्या दिवशी तिथेच असाल. सहा पाव तुम्ही आणा.

राहता राहिला रायगड. त्या फोनवर तिला विचारा, ‘आपण अर्ध्या वाटेवरून उतरलो ते तुला आठवतं का?’ आणि मग गप्प बसून तिचं ऐका. ती काय म्हणाली, ते मला जरूर कळवा.