पिरोज्याच्या सूत्रातील पाणी कोठे असते?

प्रश्न : अंगठीतला पिरोजा हाताला कोरडा लागतो, तरी त्याच्या रासायनिक सूत्रात पाण्याचे चार रेणू असतात. हे पाणी दगडाच्या छिद्रांत असते का? तसेच व्हॅरिसाइट आणि मेटाव्हॅरिसाइट या पाणीयुक्त ॲल्युमिनियम फॉस्फेटांचे सूत्र एकच असताना ती दोन वेगळी खनिजे कशी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सच्छिद्र पिरोज्यात बाहेरचा ओलावा शिरतो हे खरे, पण सूत्रात मोजलेले पाणी ते नव्हे. ते स्फटिकरचनेचाच भाग असते.

हे समजण्यासाठी व्हॅरिसाइट अधिक सोयीचे, कारण त्याची रचना सोपी आहे. त्यात प्रत्येक ॲल्युमिनियम अणूभोवती सहा ऑक्सिजन अष्टफलकाच्या (आठ पृष्ठे व सहा कोपरे असलेल्या आकृतीच्या) कोपऱ्यांवर बसलेले असतात. त्यांपैकी चार ऑक्सिजन चार वेगवेगळ्या फॉस्फेट चतुष्फलकांचे (मध्ये फॉस्फरस आणि चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन), तर उरलेले दोन, एकमेकांशेजारचे, पाण्याच्या रेणूंचे असतात. प्रत्येक फॉस्फेटचे चारही कोपरे ॲल्युमिनियमला जोडलेले असल्याने तिन्ही दिशांना पसरलेला सांगाडा तयार होतो आणि पाण्यातील हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनशी बंध जुळवून तो आणखी घट्ट करतात. वजनाने हे पाणी सुमारे २३ टक्के भरते. बर्लिनाइट या निर्जल ॲल्युमिनियम फॉस्फेटमध्ये मात्र ॲल्युमिनियमभोवती चारच ऑक्सिजन असतात आणि रचना क्वार्ट्झसारखी होते.

मेटाव्हॅरिसाइटमध्येही हेच अष्टफलक आणि हेच चतुष्फलक असतात. फक्त त्यांची जाळी निराळ्या प्रकारे गुंफलेली असते. व्हॅरिसाइटचे तिन्ही अक्ष परस्परांना काटकोनात असतात, तर मेटाव्हॅरिसाइटमध्ये एक कोन काटकोनापासून अर्ध्या अंशाहूनही कमी ढळलेला असतो. डोळ्यांना हा फरक दिसणे अशक्यच, म्हणून क्ष-किरण विवर्तनाचा, म्हणजे स्फटिकातून क्ष-किरण कसे विखुरतात हे पाहून रचना ओळखण्याचा, आधार घ्यावा लागतो.

पिरोज्याची रचना याहून दाट आहे. स्फटिकशास्त्रज्ञ हिल्डा सिद-ड्रेसनर यांनी ती १९६५ साली निश्चित केली. येथे ॲल्युमिनियमला फॉस्फेट आणि पाण्याबरोबर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, OH) गटही जोडलेले असतात. तांब्याच्या अणूजवळ चार हायड्रॉक्सिल असतात आणि पाण्याचे दोन रेणू जरा लांब. निळा रंग या तांब्याचा. ॲल्युमिनियमच्या जागी लोह आले, की तो हिरवटपणाकडे झुकतो. दागिन्याला डाग देताना (तापवून सांधा जोडताना) खडा तापला, तर पाणी व हायड्रॉक्सिल निघून जातात आणि रंगही बिघडतो, म्हणून डागकाम आधी उरकून खडा नंतर बसवावा.