लाल फुले आणि फुलांमधली जोडी

प्रश्न : लाल फुलांच्या फोटोत पाकळ्यांचे बारकावे हरवतात आणि फुलांच्या ताटव्यातील जोडप्याची छायाचित्रे सपाट येतात. काय करावे?

उत्तर : गडद लाल फुलाकडून येणारा बहुतेक प्रकाश कॅमेऱ्यातील सेन्सरच्या लाल चॅनेलमध्येच, म्हणजे लाल रंगाच्या वेगळ्या नोंदीतच, जातो, त्यामुळे एकत्रित हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचे प्रमाण दाखवणारा आलेख) निर्धोक दिसत असतानाही तो एक चॅनेल मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो आणि पाकळीवरच्या शिरा, घड्या, छटा पुसल्या जातात. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम स्वतंत्रपणे पाहावेत, एक्स्पोजर (सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश) २/३ ते १ स्टॉप कमी ठेवावे (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) आणि फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या, स्वरूपात घ्यावी. संपादनात रंग आणखी भडक करण्याचा मोह मात्र टाळावा. निम्मे नुकसान तिथेच होते. ढगाळ हवेतला मऊ प्रकाश अशा फुलांना मानवतो. अगदी जवळून टिपताना एफ/८ च्या आसपासचे लेन्सचे छिद्र (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) आणि वारा असल्यास १/५०० सेकंदाचा शटर वेग ठेवावा.

जोडप्यासाठी ८५ ते १३५ मिमीची लेन्स वापरून फुलांच्या उंचीवर बसावे आणि काही फुले लेन्सच्या अगदी पुढ्यात येऊ द्यावीत, म्हणजे एफ/२.८ वर ती धूसर होऊन चित्राला खोली देतात. मावळतीचा सूर्य जोडप्याच्या पाठीशी असल्यास प्रकाशाची मोजणी चेहऱ्यांवरून करावी, अन्यथा ते काळवंडतात. कॅमेऱ्याकडे पाहून हसायला सांगितलेली जोडी, माझ्या मते, सुंदर प्रकाशातही अवघडलेलीच दिसते. त्यांना आपसांत बोलत चालू द्यावे आणि आपण सलग छायाचित्रे घ्यावीत.