परसातील कोंबड्यांना जंत झाले आहेत हे कसे ओळखावे आणि कोणते औषध द्यावे?

आपण लिहिले आहे की आपल्या बारा गावठी कोंबड्या भरपूर दाणे टिपत असूनही महिन्याभरात हलक्या झाल्या, अंडी निम्म्यावर आली, आणि दुकानातून आणलेले जंताचे औषध पाण्यातून देऊनही काही फरक पडला नाही. या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले, कारण नेमके हेच वाक्य २०१६ च्या पावसाळ्यात आमच्या घरात दीड महिना घुमत होते, आणि त्यावरून थोरल्या दिरांशी झालेला माझा वाद अजून मिटलेला नाही.

आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. त्या वर्षी माझ्याकडे अठरा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, होत्या. पिल्ले असताना लासोटा आणि पुढे आठव्या आठवड्यात आर-टू-बी अशा दोन्ही लसी वेळेवर दिल्या होत्या, त्यामुळे मानमोडीची (राणीखेत रोगाची) धास्ती नव्हती. श्रावण लागला तशी एकेक तलंग पंख पाडून कोपऱ्यात बसू लागली. दाणे टाकले की ती उठे, सगळ्यांबरोबर खाई, परंतु उचलून घेतली की छातीचे हाड विळीच्या पात्यासारखे बोटांना लागे. तुरा लाल व्हायच्या वयात फिकट गुलाबी पडला होता. माझ्या मते जंत ओळखण्याची पहिली खूण हीच आहे, आणि ती डोळ्यांना नव्हे तर हातांना कळते. पिसांच्या आत कोंबडी किती वाळली आहे हे लांबून पाहून कोणालाही सांगता येत नाही. आपण बाराही कोंबड्या रात्री खुराड्यात बसल्यावर एकेक करून हातात घेऊन पाहा.

थोरल्या दिरांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, वाडीत कोंबड्यांचे जाणकार मानतात. त्यांनी तालुक्याच्या दुकानातून पायपराझिनची बाटली आणली. औषध दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्याखाली शिजलेल्या शेवयांसारखे बोटभर लांबीचे पांढरे जंत पडलेले सापडले, आणि भाऊजींनी ते काडीने उलटेपालटे करून घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवले. पुढच्या पाच आठवड्यांत त्यांनी तेच औषध आणखी दोनदा दिले. त्या दोन्ही वेळी काहीच पडले नाही आणि तलंगा मात्र वाळतच राहिल्या. त्यावर त्यांचा निष्कर्ष असा होता की पोट आता साफ आहे, दोष खुराड्याचा आहे, दक्षिणेकडे तोंड करून बांधलेल्या खुराड्यात कोंबडी टिकत नाही. दोन गडी लावून दीड दिवसात जांभ्याचे चिरे काढले, पुन्हा रचले आणि खुराड्याचे तोंड पूर्वेला केले. तोवर चार तलंगा गेल्या होत्या.

पाचवी पहाटे मेली तेव्हा मी तिला पुरू दिले नाही. मागच्या पडवीत केळीच्या पानावर घेतली. कोंबडी साफ करण्यात मला नवे काही नव्हते, पण आतडे फेकून न देता उलगडून पाहण्याची ती पहिलीच वेळ होती. दाणे दळणाऱ्या पेट्यापासून खाली कात्रीने आतडे उभे चिरत गेले आणि पसरट पातेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात सोडले. थोडा वेळ काहीच दिसले नाही. मग घाण खाली बसली आणि आतड्याच्या भिंतीपासून पांढऱ्या, चपट्या, गाठीगाठींच्या फिती पाण्यात तरंगू लागल्या. काही तर वीतभर लांब होत्या. त्यांचे एक टोक भिंतीत इतके घट्ट रुतलेले होते की चिमट्याने ओढल्यावर फीत तुटे, पण सुटत नसे. बाहेरच्या अंगाने पाहिले तर त्याच जागी मोहरीएवढ्या गाठी हाताला लागत होत्या. भाऊजी म्हणाले, "हा क्षय आहे वहिनी, उरलेल्या सगळ्या पुरून टाका."

मी ते आतडे, काळीज (यकृत) आणि प्लीहा डब्यात बर्फावर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी काळीज आणि प्लीहा पाहिली. कोंबडीच्या क्षयात गाठी बहुधा तिथेही असतात, आणि येथे दोन्ही स्वच्छ होती. गाठी केवळ आतड्यावर आणि आत पट्टकृमी, म्हणजे रायलिएटिना जातीचे चपटे जंत, असा सरळ निवाडा त्यांनी दिला. हे जंत कोंबडीकडून कोंबडीला थेट होत नाहीत. त्यांची अंडी मुंग्या किंवा भुंगेरे खातात आणि ते किडे कोंबडी टिपते. आमच्या खुराड्यामागे सडका ओंडका होता आणि त्यात मुंग्यांचे वारूळ होते. तलंगा दिवसभर तिथेच उकरत असत, आणि आम्ही कौतुकाने पाहत असू.

आता आपल्या औषधाविषयी. पायपराझिन पूर्ण वाढलेल्या गोल जंतांना लुळे करते आणि विष्ठेतून बाहेर काढते. चपट्या जंतांवर ते चालत नाही. भाऊजींनी दाखवलेल्या शेवया खऱ्याच होत्या, परंतु त्या दुसऱ्याच जंताच्या होत्या. आपण कोणते औषध दिले ते लिहिलेले नाही, म्हणून बाटलीवरचे मोठे नाव सोडून खालच्या बारीक अक्षरांतील घटक वाचा. पायपराझिन असेल तर एका मात्रेवर निकाल लावू नका, कारण आतड्याच्या अस्तरात दडलेली जंतांची पिल्ले त्यातून वाचतात आणि सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते. सकाळच्या ताज्या विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे, कधी वळवळणारे पांढरे तुकडे दिसत असतील तर मात्र ते चपटे जंत आहेत, आणि त्यांना प्राझिक्वांटेलसारखे वेगळे औषध लागते. आम्हाला डॉक्टरांनी तेच वजनावर मोजून, एकेकीच्या चोचीतून द्यायला लावले. पाण्यातून दिलेले औषध सर्वांत आजारी कोंबडीच्या पोटात सर्वांत कमी जाते, कारण ती पाणीच कमी पिते. तेव्हा बारा कोंबड्यांसाठी हा आळस करण्याचे काहीच कारण नाही.

माणसांची जंताची गोळी अर्धी करून देण्याचा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईल. ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी पूर्ण वाढलेल्या माणसासाठी असते. तिचा अर्धा भाग दीड किलोच्या कोंबडीला घालणे म्हणजे उपचार नव्हे. लसूण, हळद, पपईच्या बिया यांना माझा विरोध नाही, पण वाळलेल्या कोंबडीला त्यांवर सोडणे मला निष्काळजीपणा वाटतो. फिनेल ओतूनही जंतांची अंडी मरत नाहीत, त्यांचे कवच जाड असते. ताज्या विष्ठेतील गोल जंताच्या अंड्याला दुसऱ्या कोंबडीला बाधण्याजोगे व्हायला उबदार ओलाव्यातही साधारण दहा-बारा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला खुराड्यातील तूस उपसून लांब टाकले तर अर्धे काम तिथेच होते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. विष्ठेत रक्त असेल तर तो बहुधा रक्ती हगवणीचा आजार असतो आणि जंतनाशक तेथे निरुपयोगी आहे. खुराड्याभोवती पिसांचा सडा पडत असेल तर कोंबड्या पिसे टाकत आहेत. त्या काळात अंडी कमी होणारच, आणि फेनबेंडाझोल हे जंतनाशक तेव्हा देऊ नये, नवी पिसे वेडीवाकडी येतात. औषध दिल्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हे डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नव्हे. आणि मेलेली कोंबडी घरी उघडण्याचा माझा उद्योग सरसकट करू नका. जंतांनी कोंबड्या एकेक करून, झुरून मरतात. एका-दोन दिवसांत अनेक पटापट मेल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तो काळ ज्यांना आठवतो, त्यांना याचे कारण सांगायला नको. तशी घाई नसेल तर एकदोन कोंबड्यांची ताजी विष्ठा डबीत घालून दवाखान्यात तपासायला द्या. मिठाच्या दाट पाण्यात ती कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. चपट्या जंतांचे तुकडे मात्र या तपासणीत निसटू शकतात, म्हणून ते स्वतःच शोधावेत.

आमच्या उरलेल्या तेरा तलंगांपैकी अकरा वाचल्या आणि दिवाळीपर्यंत अंड्यावर आल्या. ओंडका जाळला. खुराडे मात्र पूर्वेलाच ठेवले आहे. सकाळचे ऊन आता थेट आतपर्यंत येते, पावसाळ्यातही जमीन लवकर सुकते, आणि ओल नसली की जंतांची अंडी फार काळ टिकत नाहीत, हे मला मान्य करावे लागते. भाऊजींपुढे मी ते अद्याप केलेले नाही, कारण ते अजूनही दिशेचेच नाव घेतात आणि उन्हाचे घेत नाहीत.