राग आला की आधी श्वास सोडा
योग आणि मन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. गेले सहा महिने रोज सकाळी वीस मिनिटं अनुलोम-विलोम करते, खाडा नाही. तरी संध्याकाळी घरी आल्यावर मुलांच्या बारीकसारीक गोष्टींवरून माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो आणि रात्री वाईट वाटत राहतं. ‘राग आला की दीर्घ श्वास घ्या’ असं सगळेच सांगतात. तेही करून पाहिलं, पण उलट छाती जास्तच भरून येते. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चुकतोय तो सल्ला. राग येतो तेव्हा छाती आधीच फुगलेली असते, खांदे वर चढलेले असतात, श्वास अर्धवट अडकलेला असतो. काठोकाठ भरलेल्या कळशीत आणखी पाणी ओतून काय होणार? म्हणून त्या वेळी आधी श्वास सोडायचा. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या भागात, म्हणजे समाधिपादात, ३१व्या सूत्रात विखुरलेल्या मनाच्या सोबतीला येणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : दुःख, दौर्मनस्य म्हणजे खिन्नता, अंगाची थरथर आणि विस्कटलेला श्वास-प्रश्वास. पुढे ३४व्या सूत्रात प्राणाचा उपाय येतो, त्यातही पहिला शब्द ‘प्रच्छर्दन’ आहे, म्हणजे बाहेर सोडणं.

कृती अशी. जिथे असाल तिथे दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकवा. वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून सुटे करा. बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तशी ओठांचा चंबू करून, मनात सहा अंक मोजत, हळू फुंकर सोडा. मग तोंड मिटून नाकाने तीन अंकांत श्वास येऊ द्या. ओढू नका, तो आपोआप येतो. अशी दहा आवर्तनं साधारण दीड मिनिटात होतात. सहा अंक जमत नसतील तर चार आणि दोन ठेवा. आकड्यापेक्षा ‘सोडणं घेण्याच्या दुप्पट’ हे प्रमाण महत्त्वाचं आहे.

याचा परिणाम स्वतःच तपासता येतो. शांत बसून मनगटावर नाडी धरा. श्वास आत जाताना ठोके किंचित भराभर पडतात, बाहेर जाताना किंचित रेंगाळतात. वय वाढेल तसा हा फरक कमी जाणवतो, पण तिशी-चाळिशीत बहुतेकांना बोटाखाली स्पष्ट कळतो. हृदयाला संथ करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम उच्छ्वासाच्या वेळी घट्ट होतो. उच्छ्वास लांबवणं म्हणजे तो लगाम थोडा जास्त वेळ धरून ठेवणं.

यात दोन ठिकाणी गडबड होते. एक, लोक फुंकर जोर लावून पूर्ण पिळून काढतात. मग पुढचा श्वास धाप लागल्यासारखा येतो आणि सगळं मुसळ केरात. फुंकर संपायला थोडी बाकी असतानाच थांबा. दुसरं, उशीर. आवाज चढल्यावर फुंकर आठवून फारसा उपयोग नसतो. राग जिभेवर येण्याआधी शरीरात येतो : कुणाच्या जबड्यात, कुणाच्या मुठीत, कुणाच्या कानाच्या पाळ्या तापतात. आठवडाभर एका वहीत तीनच गोष्टी लिहा : किती वाजता चिडले, शेवटचं कधी खाल्लं होतं, सगळ्यात आधी शरीरात कुठे कळलं. तुमची जागा एकदा सापडली की फुंकर तिथूनच सुरू करायची.

वहीत बहुधा असंही दिसेल की भांडणं एका ठरावीक तासातच होतात. दुपारच्या डब्यानंतर पोटात काही नाही, वर बिनदुधाचा कडक चहा, आणि दारातून आत पाऊल टाकताच ‘आई, माझी वही कुठेय?’ अशा वेळी प्राणायामाआधी मूठभर शेंगदाणे किंवा केळं खा. मग आतल्या खोलीत चटईवर उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, मांड्या उभ्या, गुडघे काटकोनात, डोक्याखाली घडी घातलेली चादर. सात मिनिटं. उठताना आधी कुशीवर वळा. मुलांना सांगून ठेवा की आई या सात मिनिटांत घरात नाही.

सकाळचा अनुलोम-विलोम सोडू नका. तो तालीम आहे. फक्त तालमीतच सगळी कुस्ती संपत नाही.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी आई गेली. योगवर्गात शवासनात डोळे मिटले की पाणी वाहायला लागतं. ध्यानाला बसले तर विचार दुप्पट होतात. वर्गात ‘प्रतिपक्षभावना करा, सकारात्मक विचार आणा’ असं सांगतात. मला जमत नाही आणि त्याचा अपराधीपणाही वाटतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : अपराधीपणाचं कारण नाही, कारण तो सल्लाच अस्थानी आहे. प्रतिपक्षभावना, म्हणजे उलट बाजूचा विचार मनात आणणं, योगसूत्रांच्या दुसऱ्या भागात, साधनपादातल्या ३३व्या सूत्रात येते आणि ती ‘वितर्कां’साठी आहे. कुणाला दुखवावं, खोटं बोलावं, दुसऱ्याचं घ्यावं असे विचार उसळले की काय करायचं, याचं ते उत्तर आहे. आईची आठवण हा वितर्क नव्हे. दुःखाशी कसं वागायचं हे समाधिपादातल्या ३३व्या सूत्रात आहे, आणि तिथला शब्द आहे करुणा. दुसऱ्याच्या दुःखाला जी करुणा लागू, ती स्वतःच्या दुःखाला का नसावी?

शवासनात रडू येण्याचं कारण साधं आहे. दिवसभर पोट, घसा, जबडा आवळून आपण सावरलेले असतो. ते स्नायू सैल सोडले की अडवलेलं वाहतं. वाहू द्या. फक्त उताणं राहू नका, नाक चोंदतं आणि घशात हुंदका अडकून घाबरल्यासारखं होतं. डाव्या कुशीवर वळा, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्या, एक तळवा छातीवर ठेवा. रडताना श्वास रोखला जातो, तेवढा सोडत राहा.

ध्यानासाठी सध्या डोळे मिटू नका. पापण्या अर्ध्या उघड्या, नजर चार-पाच फुटांवर जमिनीवर. पाच मिनिटं पुरेत. मनाला आत न ढकलता बाहेर बसवा : पंख्याचा आवाज, रस्त्यावरची रिक्षा, शेजारची कुकरची शिटी. आवाज आला, गेला, एवढंच. दुःखाची लाट फार मोठी आली तर डोळे पूर्ण उघडून खोलीतल्या पाच वस्तू मोठ्याने नावाने म्हणा : ‘कपाट, तांब्या, खिडकी…’ ऐकायला पोरकट वाटतं, पण मन खोलीत परत येतं. विचार दुप्पट झाले म्हणता, तर ते आधीही तेवढेच होते, कामाच्या गडबडीत ऐकू येत नव्हते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, जेवण, रोजची कामं सगळंच थांबलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटलं तर क्षणभरही न थांबता टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वय ३४. अचानक छातीत धडधड, हातपाय गार, असं होतं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या, डॉक्टर म्हणाले चिंता आहे. तणाव जावा म्हणून रोज हजार कपालभाती करतो, पण नंतर बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कपालभाती बंद करा, आजपासून. श्वासाच्या भराभर झटक्यांनी कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. भीतीच्या झटक्यातही नेमकं हेच होतं, म्हणून मेंदू ‘आला पुन्हा’ असं समजतो. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभातीची जागा षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत आहे. हजारांचा हिशेब अलीकडचा.

त्याऐवजी भ्रामरी करा. पाठ टेकून बसा. अंगठ्याने कानाच्या भोकासमोरची छोटी पाळी हलकेच दाबा, बोट कानात घालू नका. ओठ मिटलेले, दात सुटे. नाकाने श्वास घेऊन ‘म्’चा गुणगुणाट मंद आणि खालच्या पट्टीत, श्वास संपेपर्यंत. पाच ते सात वेळा, सकाळी आणि झोपण्यापूर्वी. कंप टाळूत आणि नाकाच्या मुळाशी जाणवला तर बरोबर. घसा खवखवला तर तुम्ही भुंग्याऐवजी भोंगा वाजवताय. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर नको.

प्रश्न : चिंतेच्या गोळ्या चालू आहेत. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो तर गोळ्या सुटतील का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : त्या आशेने जाऊ नका आणि गोळ्या मनाने बंद तर मुळीच करू नका. एकदम थांबवल्या तर त्रास उसळून येतो, आणि तो नेमका शिबिराच्या मध्यावर येईल. दहा दिवस मौन आणि दिवसाला सुमारे दहा तास बैठक ही बऱ्या मनालाही भारी पडते. आधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल प्रश्न असतो, तिथे गोळ्यांची नावं आणि मात्रा खरी लिहा. ‘सध्या येऊ नका’ असं उत्तर आलं तर ते माना. होकार आला तर आधी महिनाभर घरी रोज दोनदा वीस मिनिटं बसण्याची सवय करा आणि गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची हवी असं आधीच कळवा.