टॅनिक की स्टॅनिक?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं जर्नल वाचलं. प्रयोग हिरड्याच्या अर्काचा आणि नोंद मात्र 'स्टॅनिक आम्ल' अशी; हवं होतं 'टॅनिक आम्ल'. एका 'स'मुळे तू झाडावरून थेट धातूवर पोचलीस! हे शब्द घोकू नकोस, त्यांची मुळं बघ.

'टॅनम' हा मध्ययुगीन लॅटिन शब्द. ओकची कुटलेली साल, जिच्यात युरोपात कातडी कमवत. फ्रान्समधल्या ब्रेटन भाषेतही ओकसाठी 'टॅन' असा शब्द आहे. आपल्याकडे हे काम बाभळीची साल आणि हिरडा करतात. त्यांच्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून कातडं कुजत नाही. लाळेतल्या प्रथिनांनाही ते असंच धरतं. बाळहिरडा चावून बघ, जीभ आखडल्यासारखी होते ती त्यामुळेच.

'स्टॅनम' म्हणजे कथील. कथलाची एसएन (Sn) ही रासायनिक खूण त्यावरूनच आली. पण पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाच्या लेखनात स्टॅनम म्हणजे चांदी-शिशाचं मिश्रण, आणि कथील म्हणजे 'प्लंबम आल्बम', पांढरं शिसं! कथलाला ते नाव पुढे चिकटलं.

खरी मेख शेवटच्या 'इक'मध्ये आहे. 1787 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवी नामपद्धती मांडली. ऑक्सिजन कमी असलेल्या आम्लाला 'अस', जास्त असलेल्याला 'इक'. पुढे हीच रीत धातूंच्या संयुगांना लागली. म्हणून स्टॅनस म्हणजे कथलाची संयुजा (इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) 2 (काही टूथपेस्टमध्ये स्टॅनस फ्लोराइड असतं, वेष्टन वाच) आणि स्टॅनिक म्हणजे 4. टॅनिकमधल्या 'इक'चा संयुजेशी काही संबंध नाही. तिथे त्याचा अर्थ फक्त 'टॅनिनचं' एवढाच. म्हणून 'टॅनस' कुठे सापडत नाही. शिवाय टॅनिक आम्लात कार्बोक्सिल गटही (बहुतेक सेंद्रिय आम्लांना आम्लता देणारा अणूंचा गट) नसतो. त्याची आम्लता फिनॉल गटांची, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

गॅलिक आम्लाचंही असंच. ते नाव ओकवरच्या गाठींचं, म्हणजे 'गॉल'चं. गॅलियम धातूचं नाव मात्र 1875 मध्ये फ्रान्सच्या जुन्या 'गॅलिया' या नावावरून ठेवलं गेलं. दोघांचं काही नातं नाही.

आता ती नोंद खोडून नीट लिही. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकल्यावर अर्काला रंग कोणता आला, ते निरीक्षणाच्या रकान्यात लिहायचं राहिलंय. अर्क ताजा करून पुन्हा बघ, मग भर.

तुझे,
सर