चार गुंठे आणि शंभर पानी वही

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

गावातल्या मुलामुलींचं शेती मंडळ काढायचं म्हणतेस. बॅनर आणि पदाधिकारी ठरवण्याआधी अमेरिकेतल्या फोर-एच मंडळांची, म्हणजे खेड्यातल्या मुलामुलींना शेती शिकवणाऱ्या मंडळांची, सुरुवात कशी झाली ते नीट बघ.

15 जानेवारी 1902 ला ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावी, कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात ए. बी. ग्रॅहम या शाळा अधीक्षकांनी खेड्यातली मुलं जमवली. भाषणं देण्यापेक्षा त्यांनी मुलांना लिटमस कागदावर (मातीचा आंबटपणा रंगावरून दाखवणारा कागद) आपापल्या शेतातली माती तपासायला लावलं. पुढे 1907 मध्ये मिसिसिपीच्या होम्स काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) विल्यम स्मिथ यांनी मुलांची मका मंडळं काढली. मोठी माणसं नवं बियाणं, नवी मशागत मानायला तयार नसत. पण मुलाच्या एकरातलं कणीस डोळ्यांनी पाहिलं की बाप आपणहून विचारायला लागे. 1910 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जेरी मूर या 15 वर्षांच्या मुलाने एका एकरात 228¾ बुशेल मका काढला. मक्याचा बुशेल 25.4 किलोचा, म्हणजे 58 क्विंटल!

इथेच सावध राहा. नुसत्या उत्पादनावर बक्षीस ठेवलं की खताचा मारा होतो आणि वडीलच नांगर धरतात. म्हणून मका मंडळांनी गुण वाटून दिले: उत्पादनाला 30, नफ्याला 30, कणसांच्या नमुन्याला 20 आणि लेखी हिशेबाला 20. मुलाची स्वतःची मजुरी आणि जमिनीचं भाडंही खर्चात धरायचं. हा नियम तू जसाच्या तसा उचल.

मुलींचं म्हणशील तर 1910 मध्येच साउथ कॅरोलायनाच्या एकन काउंटीत मेरी क्रोमर या शिक्षिकेने टोमॅटो मंडळ काढलं. प्रत्येकीला एक दशांश एकर, म्हणजे आपले बरोबर चार गुंठे. ताजा टोमॅटो चार दिवसांत सडतो, म्हणून मुली तो डब्यात बंद करून विकायला शिकल्या आणि पैसा त्यांच्या हातात राहिला. ही अट तुझ्याकडे लेखी हवी: प्लॉट ज्याचा, पैसा त्याचा. ती नसली की दुसऱ्या वर्षी मुलं येत नाहीत.

त्या इतिहासातली एक वाईट गोष्टही लक्षात ठेव. दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांची मंडळं वेगळी आणि कमी पैशांवर चालवली गेली. आपल्याकडे भूमिहीनांची मुलं अशीच बाहेर राहतील. त्यांच्यासाठी शाळेची किंवा ग्रामपंचायतीची जागा आधी माग, मगच सभासद नोंदव.

आता कामाचं. चार गुंठे म्हणजे 66 फूट बाय 66 फूट. टेपने मोज, चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोक आणि दोन्ही कर्णही मोज. ते साधारण 93 फूट 4 इंच भरले पाहिजेत. अंदाजाने आखलेल्या प्लॉटवर शेवटी भांडणं होतात.

पहिलं पीक सोयाबीन घे. पेरणीच्या दहा दिवस आधी प्रत्येकाने उगवण तपासायची: ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळींत 100 दाणे, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडून. सातव्या दिवशी मोज. निकोप मोड 70 च्या वर असतील तर चार गुंठ्यांना 3 किलो बी पुरतं, 60 आले तर साडेतीन किलो. त्याहून कमी असेल तर ते बी पेरूच नको. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कुणालाही पेरू देऊ नकोस. पहिल्या सरीवर पेरलं आणि उघडीप पडली तर मुलांचा हंगाम तिथेच संपतो.

वजन करताना काटा एकच आणि प्लॉटशी संबंध नसलेले दोन साक्षीदार. दाण्याचा ओलावाही लिहायचा, कारण 18 टक्के ओलाव्याचे 100 किलो सोयाबीन 12 टक्क्यांवर वाळवले की 93 किलोच भरतात. ओला माल आणणारा पहिला येतो आणि वाळवून आणणारा नाराज होतो. मंडळं मोडतात ती बहुधा अशा काट्यावरच.

हिशेबाच्या शंभर पानी वह्या आत्ताच घे. पहिल्या पानावर प्लॉटचा नकाशा, दुसऱ्यापासून तारीख, काम, तास, खर्च, पाऊस. दर रविवारी तू स्वतः बघून सही कर. मेच्या शेवटच्या आठवड्यात गोणपाटं भिजवायला मी येतो.

कळावे,
तुझा काका